सतरावा नंबर

किंक्रांतीच्या दिवशी मुंबईत मतदान होतं आणि आमचा भाचा महापालिकेसाठी पहिल्यांदाच मत देणार होता, कारण आधीची निवडणूक झाली २०१७ ला, तेव्हा तो शाळेत, मग मार्च २०२२ ला मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या सहीने. सकाळी लालबागला रांग लावून आम्ही दोघांनी मत दिलं, ताईने डब्यात तिळाच्या वड्या दिल्या होत्या, आणि सुट्टी आहे तर चल तुला काहीतरी दाखवतो म्हणून मी त्याला घेऊन सीएसएमटीला आलो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर महापालिकेची ती दगडी इमारत, २५५ फूट उंच मनोरा, आणि तिच्या पुढ्यात पुतळा. गर्दी नव्हती त्या दिवशी. रोज तिथून एवढी माणसं धावत जातात की कोणी मान वर करून बघत नाही.

"मामा, हे कोण?"

"फिरोजशहा मेहता."

"ते फोर्टातल्या पी. एम. रोडवाले?"

म्हटलं हो, तेच, हँगिंग गार्डनलाही त्यांचंच नाव आहे. १८७३ पासून १९१५ ला वारले तोपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं हा माणूस मुंबईच्या कार्पोरेशनमध्ये होता, चारदा अध्यक्ष झाला. तर भाचा लगेच म्हणाला, म्हणजे हे कधी पडलेच नसतील. मी म्हटलं, पडले ना. एकदा पडले. सोळा जागा होत्या आणि हे सतरावे आले.

तो हसला नाही, उलट पुतळ्याकडे नीट बघायला लागला आणि विचारलं, कोणी पाडलं? तिथेच कठड्याला टेकून त्याला सगळं सांगितलं, आणि घरी आल्यावर वाटलं हे लिहून ठेवायला पाहिजे, कारण काँग्रेसच्या सुरत अधिवेशनातली जोडाफेक आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते पण त्याच वर्षी दहा महिने आधी मुंबईत काय झालं ते मराठीत फारसं कोणी सांगत नाही.

तर १९०७ साल. मुंबई कशी होती तेव्हा? १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ७,७६,००६. प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत निघाला होता आणि दहा वर्षं झाली तरी शहर सोडून गेला नव्हता. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट दाट वस्त्या पाडून रस्ते काढत होता, प्रिन्सेस स्ट्रीट त्यातलाच. घोड्यांच्या ट्राम अजून चालू होत्या, विजेची ट्राम त्या वर्षी ७ मेला सुरू झाली. आणि कार्पोरेशनमध्ये सभासद ७२.

हे ७२ कसे यायचे ते नीट बघा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. १८८८ चा कायदा, जो सुधारणा होत होत आजही महापालिकेला लागू आहे, त्याप्रमाणे ३६ जण वॉर्डांतून कर भरणाऱ्यांनी निवडायचे. १६ जण जस्टिस ऑफ द पीस म्हणजे जे.पी. लोकांनी आपल्यातून निवडायचे. २ युनिव्हर्सिटीच्या फेलोंनी, २ चेंबर ऑफ कॉमर्सने, आणि उरलेले १६ सरकारने थेट नेमायचे. म्हणजे लोकांनी निवडलेले निम्मे, आणि त्यातही लोक म्हणजे कोण, तर ज्याच्या नावावर कर लागतो तो. चाळीतल्या भाडेकऱ्याचा प्रश्नच नाही. आणि सगळ्यांच्या वर म्युनिसिपल कमिशनर, तो सरकारने पाठवलेला, सनदी नोकर, तो कार्पोरेशनला नको असला तरी बदलणं सोपं नाही. कमिशनर आजही वरूनच येतो.

आता हे जे.पी. म्हणजे कोण? सरकारने नेमलेली शहरातली प्रतिष्ठित माणसं. व्यापारी, वकील, डॉक्टर, शेटजी, आणि पुष्कळसे युरोपियन, त्यात मोठमोठे सरकारी अधिकारीसुद्धा. या मंडळींकडे सोळा जागा होत्या आणि फिरोजशहा याच सोळांतून यायचे. म्हणजे वॉर्डातून नाही. या एका गोष्टीवर मी पुन्हा येणार आहे.

फिरोजशहा सरकारच्या डोळ्यात का खुपायचे? १८७१ मध्ये, अवघे पंचवीस-सव्वीस वर्षांचे असताना, कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या उधळपट्टीवरून शहरात रान पेटलेलं होतं तेव्हा फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये हा तरुण बॅरिस्टर उभा राहिला आणि चक्क क्रॉफर्डची बाजू घेतली. म्हणाला दोष एका माणसाचा नाही, लोकांनी निवडलेली सभा असेल, तिच्या हातात पैशाची किल्ली असेल आणि काम करायला एक जबाबदार कमिशनर असेल तर कारभार सुधारेल. तेव्हा लोकांना ते आवडलं नाही. पण १८७२ च्या कायद्यात निवडून दिलेले सभासद आले आणि पुढच्या वर्षीपासून फिरोजशहा सभासद. म्हणजे ज्या सभेतून पुढे त्यांना बाहेर काढलं गेलं तिचा पाया घालण्यात त्यांचा हात होता. आणि ती जी समोर दिसते ना इमारत, तिचा पायाचा दगड १८८४ च्या डिसेंबरात लॉर्ड रिपनने बसवला, त्या वर्षी अध्यक्ष होते फिरोजशहाच.

मग तीस-पस्तीस वर्षं हा माणूस सभेत बसतो. जुने ठराव, जुने करार, कुठल्या साली सरकारने काय कबूल केलं होतं, सगळं त्यांच्या तोंडपाठ. पोलिसांचा खर्च शहराच्या माथी का मारता, हे भांडण वर्षानुवर्षं चालवणारे ते. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कार्पोरेशनच्या हाताबाहेर का ठेवला, लोकांच्या पैशाने चालणारी संस्था लोकांच्या सभेला जबाबदार का नाही, हेही ते विचारत राहिले. कमिशनर काही घेऊन आला की हे उठून उभे राहणार, आणि हे बोलले की सभा बहुतेक त्यांच्या मागे जाणार. लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणायचे. १९०४ मध्ये सरकारने 'सर' केलं, १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, जो पुढे पंचम जॉर्ज झाला, तो मुंबईत उतरला तेव्हा शहराच्या वतीने स्वागत करायला अध्यक्ष म्हणून हेच. आता कल्पना करा, एखाद्या इंग्रज कलेक्टरला हे बघून काय वाटत असेल. गव्हर्नरच्या बंगल्यात आपण मोठे, आणि शहराच्या सभेत एका पारशी वकिलाचं चालतं.

तर १९०६ संपता संपता चार जण एकत्र आले. अकौंटंट जनरल हॅरिसन, मुंबईचे कलेक्टर हॅच, पोलीस कमिशनर गेल, आणि टाइम्स ऑफ इंडियाचे तेव्हाचे संपादक लोव्हॅट फ्रेजर. परत वाचा ही यादी. पैशाचा हिशेब बघणारा, जमीनमहसूल बघणारा, पोलीस, आणि शहरातलं सगळ्यात वजनदार इंग्रजी वर्तमानपत्र. यांनी ठरवलं की येत्या निवडणुकीत मेहतांना पाडायचं. लोकांनी या टोळक्याला नाव दिलं कॉकस, आणि त्या काळच्या मुंबईत हा शब्द शिवीसारखा वापरला जायला लागला.

त्यांनी पाडलं कसं? इथे मी भाच्याला तिळाच्या वड्यांवर हिशेब करून दाखवला, तसाच इथे सांगतो. समजा मत देणारे शंभर आहेत आणि जागा सोळा. प्रत्येकाला सोळा नावं लिहायची आहेत. त्यातले पंचेचाळीस जण एक छापील यादी घेऊन आले, त्यावरची सोळाच्या सोळा नावं डोळे मिटून उतरवून गेले. उरलेले पंचावन्न सुटे आहेत, त्यांनी आपापल्या मर्जीने लिहिलं, कोणी मित्राचं नाव, कोणी आपल्या जातीच्या माणसाचं, कोणी शेजारच्या शेटजींचं, दहा नावं ओळखीची आणि सहा आठवतील तशी. मग मोजायला बसा. यादीतल्या प्रत्येक नावाला पंचेचाळीस मतं बांधलेली, आणि सुट्या लोकांपैकी पाच-सातांनी लिहिलं तर पन्नासच्या वर. यादीबाहेरच्या माणसाला मात्र शून्यापासून वर चढायचंय. तो कितीही मोठा असला तरी त्याला पंचावन्नपैकी जवळजवळ सगळ्यांनी लिहायला हवं. म्हणजे पंचेचाळीस टक्के लोक शंभर टक्के जागा घेऊन जाऊ शकतात, एकही खोटं मत न टाकता. भाच्याने वड्या मोजल्या आणि म्हणाला, अरे हे तर आमच्या कॉलेजच्या पॅनलसारखं झालं. अगदी तसंच. हे आकडे अर्थात समजावण्यापुरते माझे, खरी मतं वेगळी, पण रीत हीच होती. कॉकसने सोळा नावांचं तिकीट काढलं आणि त्यात फिरोजशहांचं नाव नव्हतं.

यादीत फक्त युरोपियन होते असं समजू नका. सोळांत हिंदी नावंही होती, आणि ती होती म्हणूनच यादी चालली. नुसती गोऱ्यांची यादी असती तर सगळे हिंदी जे.पी. एक झाले असते. आपलं नाव तिकिटावर आहे म्हटल्यावर माणूस फार प्रश्न विचारत नाही, आणि त्याचे चार मित्रही विचारत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त लागतं. चार अधिकारी मनात आणून एकटे काही करू शकले नसते, आपल्यातल्याच काही जणांनी तिकिटावर नाव येऊ दिलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वजन. जे.पीं.मध्ये सरकारी नोकर होते, सरकारकडे कामं अडकलेले लोक होते, पदवी मिळेल म्हणून वाट बघणारे होते. अशा माणसाकडे पोलीस कमिशनर किंवा कलेक्टर येऊन म्हणाला की ही यादी, जरा बघा, तर तो काय करणार? धमकी द्यायची गरज नाही, खुर्चीच बोलते. अधिकाराचा असा वापर झाला असा हिंदी लोकांचा उघड आरोप होता आणि मला तो पटतो. ज्याच्या हातात पोलीस आहे त्याने निवडणुकीत एका बाजूने उतरायचंच नसतं, मग मनात हेतू कितीही चांगला असो. कॉकसवाल्यांचं म्हणणं होतं की एका माणसाची मक्तेदारी मोडायची आहे, कारभार सुधारायचा आहे. बरं, असेल. फिरोजशहांचा दरारा खरंच मोठा होता, त्यांच्यासमोर बोलायला लोक कचरायचे हेही खरं, स्वभावाने ते नरम नव्हतेच. पण मग सभेत उभं राहून त्यांचा मुद्दा खोडा ना. अकौंटंट जनरल आणि पोलीस कमिशनर यांनी मागच्या दाराने यादी फिरवून काय सुधारणा होणार होती?

१९०७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली, मतं मोजली, सोळा आत आणि सतराव्या नंबरावर सर फिरोजशहा मेहता. पस्तीसेक वर्षं ज्याच्याशिवाय सभा झाली नव्हती तो माणूस बाहेर. शहरात खळबळ उडाली. हा नुसता एका पुढाऱ्याचा पराभव नव्हता, इंग्रज अधिकाऱ्यांनी ठरवलं तर ते काय करू शकतात हे सगळ्यांना दिसलं होतं, आणि तेही मुंबईत, जिथली म्युनिसिपालिटी हिंदुस्थानात सगळ्यात पुढारलेली म्हणून मिरवली जायची. आदल्याच वर्षी, १९०६ मध्ये, कार्पोरेशनचे अध्यक्ष होते डॉक्टर अकासिओ व्हिएगस, आपल्या गोव्यातल्या हडफड्याचे, ज्यांनी मांडवीतला पहिला प्लेगचा रोगी ओळखला होता. त्यांचा पुतळा धोबीतलावला मेट्रोसमोर आहे, कधी गेलात तर बघा. सांगायचा मुद्दा असा की अशी कामाची, अभ्यासू माणसं त्या सभेत होती, आणि सरकारला तीच नको होती.

मग प्रकरण कोर्टात गेलं, कॉकस केस म्हणून ते गाजलं. फिरोजशहा स्वतः नावाजलेले बॅरिस्टर, पण आपली बाजू मांडायला त्यांनी उभा केला तीस वर्षांचा एक तरुण वकील. त्याचं नाव महंमद अली जिन्ना. हो, तेच. भाच्याचा विश्वासच बसेना. पण तेव्हाचे जिन्ना वेगळे होते हो, फिरोजशहांच्या आणि दादाभाईंच्या तालमीतले, काँग्रेसचे. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले तेही जिन्नाच. ती कॉकस केस जिन्ना जिंकले नाहीत. यादी फिरवणं, वजन टाकणं, हे कायद्याच्या चौकटीत पकडणं अवघडच होतं. पण कोर्टात त्यांनी ज्या तडफेने ती लढवली त्याने मुंबईत त्यांचं नाव झालं, वकील म्हणून त्यांची गाडी तिथून खरी सुरू झाली असं म्हणतात.

आणि मग जे झालं ते मला फार आवडतं. १८८८ च्या कायद्यात एक कलम आहे, कलम १६, सभासद व्हायला कोण अपात्र ते सांगणारं. त्यात असं आहे की ज्याचा म्युनिसिपालिटीच्या कंत्राटात हितसंबंध आहे तो सभासद होऊ शकत नाही. साधी गोष्ट, जो बिल लावणार त्यानेच बिल पास करायला बसायचं नाही. तर कॉकसच्या त्या सोळांपैकी एक जण म्युनिसिपालिटीचा कंत्राटदार निघाला. त्याची निवड रद्द झाली. सोळावी जागा रिकामी झाली आणि तिच्यावर बसले सतरावे. एवढी मोठी मोट बांधली चार साहेबांनी, आणि आपल्याच यादीतल्या माणसाचं बिलबुक बघायचं राहिलं!

भाचा तिथे टाळी द्यायला लागला. मी त्याला म्हटलं, थांब, अजून आहे.

फिरोजशहा परत आले आणि १९१५ च्या नोव्हेंबरात जाईपर्यंत सभेत राहिले. पण १९०७ ने त्यांना एक धडा दिला तो म्हणजे वर्तमानपत्र. टाइम्सचा संपादकच समोरच्या बाजूला यादी घेऊन उभा असेल तर आपली बाजू शहराला सांगणार कोण? १९१३ मध्ये त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल काढलं आणि संपादक आणला एक इंग्रजच, बेंजामिन हॉर्निमन, जो पुढे आपल्याच सरकारच्या मागे असा लागला की १९१९ मध्ये सरकारने त्याला उचलून इंग्लंडला पाठवून दिलं. हॉर्निमन सर्कल त्याच्या नावाचं. म्हणजे फोर्टात फिरताना तुम्ही या एका भांडणातून कितीदा चालत जाता बघा, पी. एम. रोड, हॉर्निमन सर्कल, आणि शेवटी हा पुतळा.

आणि त्याच १९०७ च्या डिसेंबरात सुरत. २७ तारखेला मांडवात जोडा उडाला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहांना लागला, दख्खनी जोडा होता असं सांगतात, म्हणजे आपल्याकडचाच. मला इथे कोणाची बाजू घ्यायची नाही, आमच्या घरात आजोबांपासून सगळे टिळकांना मानणारे, आणि जहालांच्या मनात मेहतांविषयी राग होता त्याला कारणंही होती, अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवण्यामागे तेच होते. पण एकाच वर्षात एका माणसाला फेब्रुवारीच्या सुमारास इंग्रज अधिकारी म्हणतात हा फार डोईजड झालाय, आणि डिसेंबरात आपले लोक म्हणतात हा फार मवाळ आहे. दोन्हीकडून मार खाल्ला त्याने आणि दोन्हीकडे जागा सोडली नाही. याची मला कदर वाटते.

आता ती मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. फिरोजशहा जे.पीं.च्या जागेवरून यायचे. सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मतांवर. आणि म्हणूनच त्यांना चार माणसं पाडू शकली. हे मला खूप वर्षांनी कळलं, आधी मी हे सगळं गोरे विरुद्ध हिंदी असंच वाचत होतो. मतदार जेवढे थोडे तेवढी यादी फिरवणं सोपं. दोन-चार बंगले, एक-दोन क्लब, काही ऑफिसं फिरलं की झालं काम. त्याऐवजी लालबाग, परळ, डिलाईल रोड, नागपाड्यातल्या हजारो माणसांना मत असतं तर हॅरिसनसाहेब कुठे कुठे यादी घेऊन जिने चढले असते? पण त्यांना मत नव्हतं, आणि ते मिळावं म्हणून त्या सभेत कोणी आकाशपाताळ एक केलं नाही, फिरोजशहांनीही नाही. ते शहरासाठी जीव तोडून भांडले, पण शहर म्हणजे कोण या प्रश्नावर त्यांच्या काळाची मर्यादा त्यांना होतीच. हे म्हणताना मला त्यांचा अपमान करायचा नाही. फक्त पुतळ्यासमोर उभं राहून अर्धंच सांगणं बरोबर वाटत नाही.

कारण ज्या वर्षी हे सगळं चालू होतं त्या वर्षी माझे पणजोबा याच शहरात होते. संगमेश्वरकडून आलेले, लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. एका गाळ्यात आठ-दहा गडी, कपडे खुंटीला, वळकट्या भिंतीला, जेवण खानावळीत. विजेचे दिवे आल्यापासून गिरण्यांचे तास आणखी वाढले होते, पहाटे अंधारात जायचं आणि अंधारातच यायचं. त्यांच्या पाण्याचं, त्यांच्या गटाराचं, त्यांच्या चाळीत प्लेगचा उंदीर मेला की काय करायचं याचं सगळं त्या दगडी इमारतीत ठरायचं, आणि तिथे कोण बसणार यात त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. कॉकस जिंकलं काय नि मेहता जिंकले काय, त्यांना कोणी विचारायला आलं नाही. त्यांनी हे नाव तरी ऐकलं असेल का, मला नेहमी प्रश्न पडतो. कदाचित नाक्यावर कोणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असेल तेव्हा कानावर पडलं असेल.

१९२२ मध्ये कायदा बदलला. ७२ चे १०६ झाले, त्यात ७६ वॉर्डांतून. जे.पीं.च्या त्या सोळा जागा गेल्या त्या कायमच्याच. आणि महिन्याला दहा रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकऱ्याला मत मिळालं. त्या नव्या कायद्याखाली आलेल्या सभेत विठ्ठलभाई पटेल होते, पुढे अध्यक्ष झाले, आणि बायकाही पहिल्यांदा सभेत जाऊन बसल्या, सरोजिनी नायडू, आपल्या अवंतिकाबाई गोखले. ते साल १९२३. आणि त्याच १९२३ मध्ये फिरोजशहांचा हा पुतळा इमारतीसमोर उभा राहिला. म्हणजे ज्या पद्धतीने त्यांना आणलं आणि ज्या पद्धतीने त्यांना पाडलं ती मोडीत निघाली आणि त्याच वर्षी ते ब्राँझचे होऊन दारात आले.

पण दहा रुपये भाडं. गिरणगावात एका खोलीला दहा रुपये कोण देत होतं? बहुतेक खोल्या त्याच्या खूप आतल्या. आमच्या खोलीचं भाडं आजोबा सांगायचे साडेचार रुपये. तोवर पणजी गावाहून आली होती, गाळ्याची खोली झाली होती, पण साडेचार म्हणजे साडेचार. पणजोबा त्या यादीत कधी आले नाहीत, १९३८ मध्ये गेले.

सगळ्या सज्ञान माणसांना मुंबईत महापालिकेसाठी मत मिळालं ते १९४८ ला, म्हणजे देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही आधी. पणजी तेव्हा साठीला आलेली. आजोबांनी ही गोष्ट मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे होतो असंच वाटतं. तिने आदल्या दिवशी लुगडं धुऊन वाळत घातलं, सकाळी पाणी यायच्या आधी आंघोळ केली, आणि म्युनिसिपल शाळेत मत टाकायला गेली तेव्हा बरोबर भाड्याची पावती घेतली. साडेचार रुपयांची. आजोबा म्हणाले, आये, ही कशाला, आता पावती लागत नाय. ती म्हणाली, असू दे, विचारलं तर? आणि कमरेला कनवटीला लावून रांगेत उभी राहिली.

कोणी विचारली नाही. ती पावती आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती, मी पाहिलीय, घड्यांवर फाटलेली, शाई तपकिरी पडलेली. भाच्याला हे सांगत होतो तेव्हा त्याने स्वतःच्या बोटाकडे बघितलं आणि मग म्हणाला, मामा, ती ट्रंक कुठाय आता? मी म्हटलं तुझ्या आईकडे, पोटमाळ्यावर. आम्ही तिथूनच सरळ लालबागची बस पकडली.